तीन मेणाचे खोके

मिनियापोलिसहून विमानतळाकडे निघालं की मिसिसिपी आणि मिनेसोटा या नद्यांच्या संगमावर फोर्ट स्नेलिंग लागतं. १९४१ साली मिनेसोटा विद्यापीठातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी शहरातल्या वाणसामानाच्या दुकानातून कडक बिस्किटं, सुकं सॉसेज, गोळ्या आणि चॉकलेट विकत आणलं, त्याचे पुडे बांधले आणि फोर्ट स्नेलिंगमधल्या सहा सैनिकांना खायला दिले. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते आणि विमानातून छत्रीने उडी मारणाऱ्या सैनिकाच्या खिशात मावेल असं जेवण अमेरिकन लष्कराला हवं होतं. त्याआधीचं सी-रेशन म्हणजे दिवसाचे सहा डबे, जड आणि गोल. ते खिशात कोंबून कुणी उडी मारू शकत नव्हतं. स्नेलिंगनंतर जॉर्जियातल्या फोर्ट बेनिंगला छत्रीधारी सैनिकांवर चाचण्या झाल्या, शिकागोच्या लष्करी अन्नप्रयोगशाळेत बाकीचा तपशील ठरला आणि १९४२ पासून हे जेवण 'के-रेशन' म्हणून सगळ्या आघाड्यांवर जाऊ लागलं. एकट्या १९४४ सालात लष्कराने साडेदहा कोटींहून जास्त रेशनं विकत घेतली.

हे रेशन घरी बनवायचं आणि नुसतं त्यावर डोंगरात चालायचं, असं माझ्या डोक्यात बरीच वर्षं होतं. कारण फोर्ट स्नेलिंग नव्हतं, कारण देवळाली होतं. माझं लहानपण देवळाली कॅम्पात गेलं. तोफखान्याच्या सरावाने खिडक्यांची तावदानं थरथरायची ते अजून कानात आहे. पण युद्धकाळात या कॅम्पात अमेरिकन पायदळ उतरलं होतं, हे मला इथे अमेरिकेत येऊन वाचनातून कळलं. १९४३ च्या ऑक्टोबरअखेर सुमारे तीन हजार अमेरिकन सैनिक मुंबई बंदरात उतरले आणि तिथून देवळालीला आले. काही आठवडे तिथे काढून ते ललितपूरजवळच्या देवगढला सरावाला गेले. फेब्रुवारी १९४४ मध्ये आसामातल्या लेडोहून निघून ते पायीच ब्रह्मदेशात शिरले. हीच ती ५३०७ क्रमांकाची तुकडी, जिला पुढे 'मेरिल्स मरॉडर्स' म्हणू लागले. जपान्यांच्या पिछाडीला शिरत, डोंगर चढत-उतरत त्यांनी १७ मे १९४४ ला मिचिनाचा विमानतळ घेतला. तोवर तुकडी जवळजवळ संपली होती. लढाईत मेलेल्यांपेक्षा आजाराने आणि उपासमारीने पडलेले कितीतरी जास्त होते.

आणि हे लोक खात काय होते? विमानातून छत्रीने टाकलेलं के-रेशन. एक-दोन दिवस नव्हे, महिनोन्महिने.

जे रेशन दोन-तीन दिवसांच्या धावपळीसाठी तयार झालं, तेच हलकं आणि सुटसुटीत म्हणून कायमचं जेवण होऊन बसलं, इतकं वाचून समजतं. पण कागदावर तिन्ही खोके मिळून २८०० ते ३००० कॅलरी भरत होत्या. त्या कमी होत्या हे खरं, पाठीवर ओझं घेऊन डोंगर तुडवणाऱ्याला ४००० च्या आसपास लागतात. तरी माणसांचे सापळे व्हावेत इतक्या कमी का पडल्या, हे मला नीट उमगत नव्हतं. आकड्यांच्या मागे काहीतरी राहून जात होतं. ते खाऊनच कळेल असं वाटत होतं.

युद्धकाळातलं खरं रेशन अजूनही अधूनमधून विकायला येतं. ते संग्रहासाठी ठेवावं, खाऊ नये. ऐंशी वर्षांपूर्वीच्या मांसाच्या डब्यात काय झालं असेल ते बाहेरून कळत नाही. म्हणून सगळं नव्याने करायचं ठरवलं.

दिवसाला तीन खोके: सकाळचा, दुपारचा, रात्रीचा. सकाळच्या खोक्यात मांसाचा किंवा चिरलेलं हॅम आणि अंडं एकत्र केलेल्याचा छोटा डबा, बिस्किटं, झटपट कॉफी, साखर, सुक्या फळांची वडी. दुपारी मांसाऐवजी बहुतेक वेळा चीजचा डबा, बिस्किटं, माल्टेड मिल्कच्या किंवा ग्लुकोजच्या गोळ्या, नंतरच्या काळात कॅरमल, आणि पाण्यात घालायची लिंबाची पावडर. रात्री पुन्हा मांस, बिस्किटं, मांसाच्या अर्काची सुपाची पावडर आणि चॉकलेट. शिवाय प्रत्येक खोक्यात च्युइंगम आणि चार सिगारेटी. तिन्ही खोक्यांचं मिळून वजन किलोच्या आत. सिगारेटी मी वगळल्या. बाकी शक्य तितकं तसंच ठेवलं.

सुरुवात बिस्किटांपासून केली, कारण तिन्ही वेळच्या खोक्यात तीच असतात आणि ती बिघडली तर सगळंच बिघडलं. युद्धकाळातली बिस्किटं एका साच्याची नव्हती, कारखान्यागणिक थोडी बदलायची. पण दोन गोष्टी सगळ्यांत सारख्या: तूप कमी आणि ओल जवळजवळ नाही. तूप जास्त झालं की काही महिन्यांत खवट वास येतो, ओल राहिली की बुरशी. मी तीन वाट्या मैदा, एक वाटी जाडसर कणीक, पाव वाटी साखर, दोन मोठे चमचे दूधपावडर, मीठ, चिमूटभर सोडा आणि पाव वाटीला कमी वनस्पती तूप घेतलं. पाणी हात राखून घालायचं. शंकरपाळ्याला भिजवतो तसं घट्ट पीठ हवं, त्याहून सैल नको. तासभर झाकून ठेवून पाव इंच जाड लाटायचं, पट्टीने मापून चौकोन कापायचे आणि काट्याने आरपार भोकं पाडायची. भोकं शोभेची नाहीत. ती नसली तर बिस्किट फुगतं, आत पोकळी राहते, मग ते खोक्यात मावत नाही आणि पिशवीत भुगा होतो.

३२५ फॅरनहाइटला ती हलकी तांबूस होईपर्यंत भाजली आणि ओव्हन बंद करून रात्रभर आतच ठेवली. खरं काम त्या रात्रीच्या वाळण्यातच होतं. सकाळी दोन बिस्किटं एकमेकांवर आपटली तर फरशीच्या तुकड्यांसारखा टणत्कार आला. दाताने थेट तोडता येतात, पण जपून. चव वाईट मुळीच नाही. गव्हाचा भाजका वास, मागून बेताचा गोडवा. पहिलं बिस्किट मी चहाबरोबर आवडीने खाल्लं. ही आवड पुढे किती टिकते ते बघायचं होतं.

मांसाच्या बाबतीत मी घरगुती प्रयोग केला नाही आणि कुणी करू नये. हॅम आणि अंड्याचं मिश्रण घरी डबाबंद करण्याची कोणतीही सुरक्षित, तपासलेली पद्धत नाही. बंद डब्यात हवा नसते, नेमक्या त्याच जागी बोट्युलिझमचे जंतू वाढतात, आणि त्यांच्या विषाला वास नसतो, चव नसते. म्हणून दुकानातले चार-सव्वाचार औंसांचे डबे आणले: बारीक वाटलेलं हॅम, छोटी सॉसेजं, डुकराच्या मांसाचा लोफ. लेबलं भिजवून काढली. जुने डबे बाजूला चिकटवलेल्या किल्लीने पट्टी गुंडाळत उघडायचे, आताच्यांना वर कडी असते. एवढा फरक चालवून घेतला. चीजही दुकानातलंच, प्रक्रिया केलेलं. ग्लुकोजच्या गोळ्या औषधांच्या दुकानात मधुमेहींसाठी मिळतात त्याच. माल्टेड मिल्कच्या गोळ्याही विकतच आणल्या.

लिंबाच्या पावडरीबद्दल इतकं वाचलं होतं की ती मुद्दाम तशीच करायची होती. सायट्रिक आम्ल, साखर आणि क जीवनसत्त्वाची पूड. सैनिकांना ती इतकी आंबट लागायची की कित्येकजण ती पिण्याऐवजी फेकून द्यायचे किंवा भांडी-फरशी घासायला वापरायचे, अशा आठवणी जागोजागी सापडतात. पुढे लष्कराने संत्र्याची आणि द्राक्षाची पावडरही आणली. साखर वाढवून मला ती चवदार करता आली असती. पण मग प्रयोगाला अर्थ उरला नसता. पुडीत आंबटपणा वरचढ राहील असंच प्रमाण धरलं.

चॉकलेटवर मात्र मी मनापासून वेळ घालवला. त्याचा इतिहासच तसा आहे. १९३७ साली लष्करातले कॅप्टन पॉल लोगन हर्शी या चॉकलेट कंपनीकडे गेले आणि त्यांनी अटी सांगितल्या: वजन चार औंस, ताकद भरपूर, उन्हात वितळता कामा नये, आणि चव उकडलेल्या बटाट्यापेक्षा जराशीच बरी. फार चवदार असलं तर सैनिक ते अडचणीच्या वेळेसाठी राखणार नाहीत, आधीच संपवतील, हा त्यामागचा विचार. सॅम हिंकल या रसायनतज्ज्ञाने कडू चॉकलेट, साखर, साय काढलेल्या दुधाची पावडर, कोकोची चरबी आणि ओटचं पीठ एकत्र करून ते जमवलं. मिश्रण इतकं दाट व्हायचं की नेहमीच्या यंत्रातून ते साच्यात ओतता येईना. सुरुवातीला कामगारांना प्रत्येक वडी हाताने मळून, तोलून, साच्यात दाबून भरावी लागली. चार औंसांच्या वडीत ६०० कॅलरी. के-रेशनच्या रात्रीच्या खोक्यात दोन औंसांची यायची.

मी उकळत्या पाण्यावर भांडं ठेवून कडू चॉकलेट वितळवलं, थोडी कोकोची चरबी घातली, मग साखर, दूधपावडर आणि मिक्सरमधून बारीक केलेले ओट. ओटचं पीठ पडेपर्यंत सगळं वाहतं, चकचकीत होतं. पीठ पडलं आणि क्षणात चमक गेली, रंग मातकट झाला, चमचा उभा राहिला. पुढे चमच्याचं काम नव्हतंच. हाताला हातमोजा चढवून मळलं, सत्तावन्न ग्रॅमचे गोळे तोलले आणि चौकोनी साच्यात अंगठ्याने कोपऱ्यापर्यंत दाबले. कारखान्यातल्या त्या कामगारांचे अंगठे रात्री किती दुखत असतील, ते तेव्हा समजलं.

लष्कराची अट १२० फॅरनहाइटला आकार टिकण्याची होती, म्हणजे जवळपास ४९ सेल्सियस. भर जुलैत गाडी उन्हात उभी करून डॅशबोर्डवर माझी वडी, शेजारी दुकानातलं साधं चॉकलेट आणि थर्मामीटर ठेवला. साधं चॉकलेट कागदात पसरून डबकं झालं. माझ्या वडीच्या कडा बोटाला मऊ लागल्या, वर चरबीचा फिका थर आला, पण वडी वडीच राहिली. मला फार आनंद झाला. ओटच्या पिठाचे कण चरबीला धरून ठेवतात, म्हणून ती वितळली तरी वाहून जात नाही. वाचलेलं होतंच, पण बोटाला कळणं वेगळं.

आता खोका. आतलं पाकीट मेणात बुडवलेलं आणि त्यावर साधं बाहेरचं पुठ्ठ्याचं आवरण, अशी मूळ रचना. सुरुवातीच्या उत्पादनात क्रॅकर जॅक या खाऊच्या कंपनीचा हात होता, आणि खोक्याचं मापही त्या खाऊच्या खोक्याच्या जवळपास. लष्कराला खाऊच्या कंपनीकडे जावं लागलं यात नवल नाही. ओल लागू न देता कुरकुरीत वस्तू पुठ्ठ्यात टिकवायची कला त्यांच्याकडेच होती.

मी करड्या पुठ्ठ्याची पाकिटं कापून चिकटवली. मेण म्हणजे पॅराफिन, त्यात थोडं मधमाश्यांचं मेण. नुसतं पॅराफिन थंडीत कडक होऊन तडकतं, आणि आमच्याकडे सप्टेंबरअखेर पहाटे चांगलंच गारठतं. खोल स्टीलच्या डब्यात मेण, तो डबा उकळत्या पाण्याच्या पातेल्यात. मेण थेट आचेवर ठेवायचं नाही, ते पेट घेतं. बायको म्हणाली, "अरे, हे सगळं बाहेर डेकवर कर, घरात नको." तिचं बरोबरच होतं. विजेची शेगडी बाहेर मांडली.

मेण कमी तापलेलं असलं तर खोक्यावर जाड साय धरते आणि घडीवर पापुद्रा होऊन निघते. पुरेसं तापलं की पुठ्ठा ते पितो, रंग गडद होतो आणि वर पातळ, चिवट थर राहतो. अर्धा खोका बुडवायचा, वर धरून निथळायचा, उलटा करून दुसरा अर्धा बुडवायचा. मधल्या जोडावर मेण दोनदा लागलं पाहिजे, पाणी तिथूनच शिरतं. एका रिकाम्या खोक्यात टिश्यू पेपर घालून, वर दगड ठेवून तो रात्रभर बादलीत बुडवून ठेवला. सकाळी टिश्यू कोरडा. छत्री फाटून चिखलात पडलेली, नदीत वाहून गेलेली रेशनं कशी वाचत असतील, याचं उत्तर त्या बादलीत मिळालं.

सुपीरियर हायकिंग ट्रेल ही मिनेसोटातली लांब पायवाट लेक सुपीरियरच्या उत्तर किनाऱ्याला लागून आहे. सिल्व्हर बेपासून ईशान्येला निघून बीन आणि बेअर या दोन तळ्यांवरून टेट्टेगूश राज्य उद्यानात, बाप्टिझम नदी ओलांडून पुढे, असा मार्ग ठरवला. शिकागोहून मेहुणा सोबत आला. तो सह्याद्रीत वाढलेला, पाय माझ्यापेक्षा घट्ट, आणि जेवणाच्या बाबतीत खोटं बोलत नाही. मला असाच माणूस हवा होता. नियम एकच ठरवला: खोक्यातलं सोडून दुसरं काही खायचं नाही आणि जे खावंसं वाटलं नाही ते फेकायचं नाही, वेगळ्या पिशवीत ठेवायचं. बरोबर आणीबाणीचं खाणं आणि आजचा पाण्याचा फिल्टर होता. युद्धकाळातल्या पाणी शुद्ध करायच्या गोळ्यांचा हट्ट धरला नाही.

आमचं चालणं म्हणजे त्यांच्या मोहिमेची नक्कल नव्हती. आमच्या अंगावर बंदूक नव्हती, रक्तात हिवताप नव्हता, ब्रह्मदेशातल्या हुकाँग खोऱ्यातला पाऊस आणि जळवा नव्हत्या. अन्न तेवढं तेच होतं.

पहिला दिवस उत्तम गेला. तळ्याच्या वरच्या कड्यावर बसून चीज आणि बिस्किटं खाल्ली. खाली लाल-पिवळे मेपल, पाणी काळंशार. मेहुणा म्हणाला, "दाजी, एवढं काही वाईट नाही हो. लोक उगाच नावं ठेवतात." मलाही तसंच वाटलं. रात्री सुपाची पावडर गरम पाण्यात घातली, आणि घाम गाळून आलेल्या शरीराला ते खारट पाणी इतकं गोड लागलं की दोघांनीही कप पुसून घेतला.

कप तापवायचा तो खोका जाळूनच. सैनिक तेच करायचे आणि मला ते सर्वात जास्त बघायचं होतं. शेकोटीच्या ठरलेल्या कड्यात दोन दगड जवळ ठेवले. मेणाचं पाकीट उभ्या पट्ट्यांत फाडून दगडांच्या मधे उभं केलं, वर स्टीलचा कॅन्टीन कप, म्हणजे सैनिकाच्या पाण्याच्या बाटलीबरोबरचा पेला, त्यात दीड वाटी पाणी. काडी लावली तर सुरुवातीला पुठ्ठा नुसताच धुमसला. मग मेण वितळून कडेला थेंब जमला, त्याने पेट घेतला आणि ज्योत पिवळी, उंच झाली. कपाच्या बुडाला तेलकट काजळी धरली, ती पुढे घासून निघेना. पाण्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसले, वाफ निघाली, आणि पूर्ण उकळी यायच्या जरा आधी खोका संपला. झटपट कॉफीला तेवढं पुरतं. वारा असला की पुरत नाही. एका पहाटे तळ्यावरून वारा आला आणि दोन खोके जाळूनही पाणी कोमटच राहिलं. मग वाऱ्याकडे पाठ करून दोघं खांद्याला खांदा लावून बसलो, तेव्हा कुठे जमलं. ज्याच्या पुठ्ठ्यावर जेवणाची यादी छापलेली, ज्याच्या मेणाने पाणी अडवलं, तोच शेवटी सरपण होतो, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला मी मानतो.

दुसऱ्या दिवसापासून बदल सुरू झाला, आणि तो भुकेच्या अंगाने नाही, तोंडाच्या अंगाने सुरू झाला. सकाळचा हॅमचा डबा उघडला तर थंडीने वर पांढरी चरबी गोठलेली. गरम पाण्यात डबा उभा केला की ती वितळते, पण तेवढं पाणी तापवायला खोका उरत नाही. कॉफी की गरम मांस, एकच निवडायचं. आम्ही दोघांनी न बोलता कॉफी निवडली. दुपारी चीज आणि बिस्किट एकत्र चावताना लाळ पुरेना. घोटभर पाणी घेतल्याशिवाय घास खाली जात नव्हता. वाटेतले बरेच ओढे आटले होते, पाणी जपून वापरत होतो. न्पुम गा या टेकडीवर मार्च-एप्रिल १९४४ मध्ये वेढ्यात अडकलेल्या मरॉडर्सना पाणीसुद्धा प्लास्टिकच्या पिशव्यांतून छत्रीने टाकावं लागलं होतं. तिथे हे असलं कोरडं बिस्किट माणूस कसं गिळत असेल, या विचाराने मी हातातलं बिस्किट परत पिशवीत ठेवलं.

लिंबाच्या पावडरीचं नेमकं जे व्हायचं तेच झालं. पहिल्या दिवशी प्यायलो, जीभ सोलवटल्यासारखी झाली. त्यानंतर मेहुणा पुडी हातात घेऊन विचारी, "दाजी, हिचं काय करू?" आणि दोघांच्याही पुड्या उरलेल्यांच्या पिशवीत. अख्ख्या दिवसाच्या जेवणातलं क जीवनसत्त्व मुख्यतः त्या पुडीत होतं. ना भाजी, ना फळ, ना चोथा. पोट साफ होईना, आणि ही तक्रार लाजेची नाही, या रेशनची मोठी अडचणच होती.

चालताना मन सतत पुढच्या गोड वस्तूकडे लागलेलं असायचं. कॅरमल थंडीत दगड होतात, गालात धरून चढ चढायचा, निम्म्या चढावर ते मऊ पडतात. चॉकलेटची वडी सैनिकांना अर्ध्या तासात हळूहळू खायला सांगितलेली असे. मला आधी वाटायचं ही सूचना पोटासाठी आहे. चावायला गेलो तेव्हा कळलं, घाईने ती खाताच येत नाही. सुरीने तासून पातळ पापुद्रे काढायचे आणि जिभेवर ठेवायचे. कडवट, पिठूळ, पण ओढ लावणारं. लोगन यांची बटाट्याची अट माझ्या वडीने पाळली नाही. मेहुण्याने ती दुसऱ्या रात्रीपासून आधी खायला घेतली आणि मांस नंतर, ते पण निम्मं.

सर्वात चांगलं जेवण नियमातून नाही, उरल्यासुरल्यातून झालं. शेवटच्या दिवसांत बिस्किटं नुसती बघवत नव्हती. मी ती कापडात बांधून दगडाने कुटली, कपातल्या गरम पाण्यात घातली, त्यात चॉकलेट किसलं, साखरेच्या दोन वड्या टाकल्या आणि झाकून ठेवलं. ओटचं पीठ आणि बिस्किट फुगून दाट लापशी झाली. दोघांनी एकाच कपात चमचे घातले. तिची चव माझ्या जिभेवर अजून आहे. तीच बिस्किटं, तेच चॉकलेट, पण गरम, ओलं आणि वेगळ्या रूपात आलं तर शरीराने आनंदाने घेतलं. खोके जास्त असते, आग निर्धोक पेटवता आली असती, तर आम्ही रोज तेच केलं असतं. शत्रूच्या पिछाडीला असलेल्या तुकडीला धूर काढणंच जिवावर बेतायचं.

घरी येऊन उरलेल्यांची पिशवी काट्यावर ठेवली. बिस्किटं सर्वात जास्त, मग मांस, मग चीज, लिंबाच्या जवळजवळ सगळ्या पुड्या, ग्लुकोजच्या गोळ्या बऱ्याच. चॉकलेट, कॉफी, साखर, सूप यांचा कणही नव्हता. हिशेब मांडला तर माणशी रोज सहाशे-सातशे कॅलरी आम्ही खाल्ल्याच नव्हत्या, आणि तेही निरोगी, पोट ठीक असलेल्या, संध्याकाळी तंबूत झोपणाऱ्या माणसांनी. म्हणजे कागदावरच्या २८०० मधल्या प्रत्यक्ष पोटात गेल्या २१००-२२००. पाठीवर जास्त ओझं असतं तर ही पिशवी आम्ही घरी आणलीच नसती, पहिल्याच चढाला फेकून दिली असती. सैनिकांनी तेच केलं. विमानातून काही दिवसांची रेशनं एकदम पडायची, ती एकदम वाहून न्यावी लागायची, आणि न आवडणाऱ्या वस्तू वाटेच्या कडेला राहायच्या. त्यावर आमांश, हिवताप, किड्यांपासून होणारा टायफस. ज्याला हगवण लागली आहे त्याच्यापुढे गोठलेल्या चरबीचा डबा आणि कोरडं बिस्किट ठेवून वर कॅलरी मोजल्या, तर तो आकडा त्याच्या शरीराबद्दल काहीच सांगत नाही.

कीज यांना मी दोष देत नाही. त्यांनी मागितलं होतं तेच दिलं: खिशात मावणारं, थोड्या दिवसांचं जेवण, आणि त्या कामाला ते आजही चोख आहे. दोष असेल तर ते महिनोन्महिने पुढे रेटणाऱ्यांचा. १९४८ मध्ये लष्कराने के-रेशन बाद केलं.

पुढच्या उन्हाळ्यात सी-रेशन करायचं आहे, मांस-घेवडा, मांस-भाजीचा हॅश आणि स्ट्यू असे तीन प्रकार आणि बिस्किटांचे डबे. मेहुणा येतो म्हणालाय. बिस्किटांत यावेळी कणीक वाढवून बघणार आहे, आणि मेणात मधमाश्यांच्या मेणाचं प्रमाण चौथाईपर्यंत नेणार. उरलेल्या लिंबाच्या पुड्यांनी कॅन्टीन कपाची काजळी घासून पाहिली. बुडाची निघाली नाही, आतला कॉफीचा डाग मात्र साफ निघाला.